आमच्या घरची त्राटिका

मोखाड्याचा आहे म्हटलं की पुण्यातल्या लोकांकडे दोनच प्रश्न असतात. एक, म्हणजे नक्की कुठे? दोन, मग तू वारली पेंटिंग काढतोस का? पहिल्याचं उत्तर मी ‘जव्हारच्या पुढे, त्र्यंबकच्या अलीकडे’ असं देतो. दुसऱ्याचं, ‘नाही, मी जावा लिहितो.’ तिसरा प्रश्न आजवर एकानेच विचारला, आमच्या टीममधल्या इंटर्नने. माझ्या लॅपटॉपवरचा तांजिरोचा स्टिकर बघून तो म्हणाला, “दादा, तुमच्या गावात ॲनिमे बघतात?”

बघतात की. आमच्या आळीत डिश टीव्ही आला तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. हंगामा चॅनलवर शिनचॅन आणि डोरेमॉन हिंदीत लागायचे. आमची हिंदी शाळेपेक्षा शिनचॅननेच जास्त सुधारली, आणि घरच्यांच्या मते बिघडलीसुद्धा. पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस यायची नाही, मग मधले एपिसोड आम्ही आपापसात रचून सांगायचो. पुढे नाशिकला इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर एक टीबीची हार्ड डिस्क रूमरूममधून फिरायची. डेथ नोट, नारुतो, अटॅक ऑन टायटन, सगळं त्यातलंच. नारुतोचे पहिले ४० एपिसोड त्यात नव्हतेच, त्यामुळे हा मुलगा एवढा का ओरडतो हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. आता नोकरी आहे, सबस्क्रिप्शन आहे, आणि वेळ नाही. तरी रात्री जेवताना एक एपिसोड होतोच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सप्टेंबर २०२५मध्ये आलेला डेमन स्लेयरचा ‘इन्फिनिटी कॅसल’. १२ तारखेला तो भारतात लागला, जपानीसोबत हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगूतही. (मराठीत नाही. असो.) पुण्यातल्या थिएटरात पोरं हिरव्या-काळ्या चौकड्यांचे हाओरी घालून आली होती. मारामारी सुरू होती तोवर शिट्ट्या. आणि मग आकाझाची गोष्ट सुरू झाली.

ज्यांनी बघितला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. आकाझा हा राक्षस. आधीच्या सिनेमात त्याने रेंगोकूला मारलं, म्हणून अख्खं थिएटर त्याच्या मरणाची वाट बघत होतं. मरता मरता त्याला आठवतं की तो माणूस होता, नाव हाकुजी. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करायचा. आपल्यापायी पोरगा चोर झाला म्हणून बापाने फास लावून घेतला. पुढे एका गुरूने त्याला आसरा दिला. गुरूच्या आजारी मुलीची सेवा करता करता दोघांचं जमलं, लग्न ठरलं. आणि शेजारच्या दोजोवाल्यांनी विहिरीत विष घातलं. दोघं मेली. हाकुजीने नुसत्या हातांनी ६७ माणसं मारली आणि त्यानंतर तो राक्षस झाला. माझ्या शेजारचा हाओरीवाला नाक ओढत होता. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे तर आमच्या त्राटिकेचं आहे.

आता त्राटिका कोण, ते सांगायला हवं. मोखाड्यात आणि जव्हार, विक्रमगड, पलीकडे पेठ, सुरगाण्याच्या गावांत बोहाडा होतो. होळीनंतरच्या दिवसांत, रात्रभर. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मोठमोठे मुखवटे घालून देव आणि राक्षस गावातून नाचत जातात. पुढे टेंभे, बरोबर संबळ आणि सनई. आधी गणपती येतो, मग सरस्वती, मग एकामागून एक बाकीचे: मारुती, नरसिंह, रावण, वेताळ. उजाडायच्या सुमाराला देवी येते आणि महिषासुराला मारते. या प्रत्येक भूमिकेला ‘सोंग’ म्हणतात. पुण्यात ‘सोंगं करू नकोस’ म्हणजे नाटकं करू नकोस. आमच्याकडे सोंग घ्यायचं तर दिवसभर उपास, मुखवट्याला नारळ, धूप, आणि मगच तो डोक्यावर. आमच्या घराकडे त्राटिका आहे. आजोबांनी घेतली, बाबा घेतात.

लहानपणी मला याची थोडी लाज होती. मित्राच्या घराकडे मारुती होता. मारुती आला की लोक पाया पडायचे, आमची त्राटिका आली की पोरं किंचाळत आयांच्या मागे लपायची. काळा चेहरा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, बशीएवढे डोळे. शाळेत मला ‘त्राटिकेचा’ म्हणायचे. मी एकदा आजोबांना विचारलं होतं की आपल्याला राक्षसच का मिळाला. ते म्हणाले, “राक्षस नसला तर देव रात्रभर काय करील?” सातवीतल्या पोराला हे उत्तर पटायचं कारण नव्हतं.

सिनेमा बघून आलो त्या रात्री मी त्राटिका शोधायला बसलो. वाल्मिकी रामायणात, बालकांडात, तिची गोष्ट आहे. ती जन्माने राक्षसीण नाहीच. सुकेतू नावाच्या यक्षाची मुलगी, देखणी आणि अचाट ताकदीची. सुंदाशी लग्न झालं, मारीच झाला. अगस्त्यामुळे सुंद मेला. नवऱ्याचा सूड घ्यायला ती मुलाला घेऊन ऋषीच्या अंगावर धावली, आणि ऋषीने शाप दिला की तुझं रूप जाईल, तू माणसं खाणारी होशील. विश्वामित्र ही सगळी हकिगत रामाला सांगतात, आणि वर सांगतात की मार. बाई आहे म्हणून राम आधी थबकतो, मग मारतो. बस. ज्या सिरीजने प्रत्येक राक्षसाला मरताना दहा मिनिटांचा फ्लॅशबॅक दिला तिथे ही बाई असती तर दोन एपिसोड नक्की तिचे झाले असते.

गंमत म्हणजे त्राटिका ॲनिमेत येऊन गेलीय. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी केलेल्या ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’मध्ये ती सुरुवातीलाच आहे. नव्वदच्या दशकात बनलेला हा सिनेमा भारतात थिएटरला नीट लागला तो थेट जानेवारी २०२५मध्ये. मी तो बाबांना नाशिकला नेऊन दाखवला. त्राटिका आली आणि लगेच गेलीसुद्धा. बाबा इंटरव्हलला म्हणाले, “हिला नाचूच दिलं नाही.” बोहाड्यात तिला अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यामुळे ही तक्रार रास्तच होती. माझं मत विचाराल तर सिनेमा सुंदर आहे, विशेषतः रंग. पण राक्षसांच्या बाबतीत तो हात आखडता घेतो.

बाबांना ॲनिमेची आवड वगैरे नाही. पण एक एपिसोड मी त्यांना मुद्दाम मोबाइलवर दाखवला, डेमन स्लेयरच्या पहिल्या सीझनचा एकोणिसावा. २०१९मध्ये तो आला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि एका रात्रीत तीनदा बघितला होता. तांजिरो हा कोळसा विकणाऱ्या घरातला मुलगा. (आमच्याकडची कातकरी कुटुंबं पोरंबाळं घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. हिरो कोळसेवाला असलेली दुसरी एकही गाजलेली गोष्ट मला माहीत नाही.) मरायची वेळ येते तेव्हा त्याला बापाचा नाच आठवतो: हिनोकामी कागुरा, अग्निदेवाचा नाच. त्यांच्या घराकडे तो पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो. वर्षाच्या सुरुवातीला एका रात्री, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत, बर्फात, न थांबता. बाप एरवी अंथरुणाला खिळलेला, पण त्या रात्री तो थकत नाही. श्वास कसा घ्यायचा ते कळलं की थकवा येत नाही, असं तो मुलाला सांगतो.

बाबांनी मोबाइल हातात घेऊन तो भाग परत बघितला. मग म्हणाले, “याच्या तोंडावर कापड आहे नुसतं. मुखवटा नाही. सोपं आहे.” थोड्या वेळाने, “पण पाय चांगला टाकतो.”

मी काही ॲनिमे बघून रीतिरिवाजांच्या प्रेमात पडलेला माणूस नाही, हे इथे सांगून ठेवतो. कागुरा जपानमध्ये खरोखर आहे. मियाझाकी प्रांतात ताकाचिहो नावाच्या गावाकडे थंडीच्या दिवसांत रात्रभर मुखवटे घालून ३३ नाच करतात. त्याचे व्हिडिओ मी बघितलेत. मध्येच लोक पेंगतायत, पोरं खातायत, कोणीतरी दारू पिऊन कोपऱ्यात बसलंय. अगदी बोहाडा. ॲनिमेत हे येत नाही, तिथे फक्त बर्फ, ज्वाळा आणि मागे गाणं. ती एडिटिंगची कमाल. आमच्या बोहाड्याचं एडिटिंग कोणी केलं तर तोही महान दिसेल.

पण मंगा शेवटपर्यंत वाचल्यावर कळतं ते मला सोडत नाही. (तेवीस खंड आहेत, वाचून काढा.) तो नाच मुळात नाचच नसतो. चारेकशे वर्षांपूर्वी एका तलवारबाजाने त्या कोळसेवाल्याच्या घरात येऊन आपली विद्या करून दाखवलेली असते. घरच्यांनी ती बघून लक्षात ठेवली आणि देवाचा नाच म्हणून दरवर्षी केली. हे तलवारीचे वार आहेत, राक्षस मारायला आहेत, हे मधल्या पिढ्यांत कोणालाच माहीत नव्हतं. तांजिरोच्या बापालाही नाही. बारा प्रकार आहेत, आणि तेरावा कुठला याचं कोडं असतं. उत्तर असं निघतं की तेरावा वेगळा नाहीच, बाराच्या बारा न थांबता पुन्हा पुन्हा करत राहणं हाच तेरावा.

‘युअर नेम’मध्येही हेच आहे. २०१६चा, शिनकाईचा. मित्सुहाच्या घराकडे देवळातला नाच आणि दोऱ्या विणण्याचं काम आहे. आजी नातींना सांगते की दोनशे वर्षांपूर्वी मायुगोरो नावाच्या माणसाच्या घरी आग लागली, ती देवळापर्यंत गेली, कागदपत्रं जळाली. नाच का करायचा ते विसरलं गेलं, नुसता करायचा एवढंच राहिलं. आणि देवाच्या गुहेच्या छतावर धूमकेतूचं चित्र. म्हणजे गावावर धूमकेतू पडतो हे गावाला माहीत होतं, आणि नव्हतंही. पोरी बिचाऱ्या घंटा वाजवत नाचत राहिल्या. शाळेतल्या मुलांनी बघितलं म्हणून मित्सुहा लाजेने मरते, ते दृश्य तर मी होस्टेलवर बघितलं तेव्हा पॉज करून बाहेर जाऊन आलो होतो.

आमच्या ऑफिसात एक जुनं मॉड्यूल आहे. २००० ओळींचं, ज्याने लिहिलं तो कधीच सोडून गेला. वर कमेंट आहे की कृपया हात लावू नये. आम्ही नवीन लोक आल्यावर त्यांना ते कौतुकाने दाखवतो. कोणीतरी उत्साहाने त्यातली एक निरुपयोगी दिसणारी ओळ काढतो, आणि महिनाअखेरीला भलतीकडेच काहीतरी कोसळतं. गेल्या दिवाळीत बाबा मला त्राटिकेची पावलं शिकवायला लागले तेव्हा मला ते मॉड्यूल आठवत होतं. दोन पावलं पुढे, डावा पाय आपटायचा, गिरकी, मग तीन पावलं मागे आणि खाली वाकून जमिनीला हात. मी विचारलं, तीन पावलं मागे कशाला? राक्षसीण घाबरते का? बाबा म्हणाले, “माझ्या बापाने असंच घेतलं.” आणि जमिनीला हात? “तेही.” आजोबा गेले तेव्हा मी सेकंड इयरला होतो. त्यांना कारण माहीत होतं की त्यांनीही त्यांच्या बापाकडून असंच घेतलं होतं, हे आता कळायला मार्ग नाही. फ्रीरेनमध्ये हिमेल गेल्यावर फ्रीरेन कबरीपाशी रडते ते याच्यासाठीच, पण तिच्याकडे हजार वर्षं आहेत. निघते बिचारी परत त्याच वाटेने माहिती गोळा करत. आपल्याला रविवारी संध्याकाळची एसटी पकडायची असते.

शिकवायची वेळ आली कारण बाबांचा गुडघा. डॉक्टरांनी जमिनीवर बसायलाच बंदी केलीय, गिरकी तर लांबच. गेल्या बोहाड्याला ते घेऊन नाचले आणि त्यानंतर आठवडाभर काठी धरून चालत होते. काकांना बी.पी. आहे. चुलतभाऊ बोईसरला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, त्याला त्या रात्री सुट्टी मिळेलच असं नाही. राहिलो मी. कोणी मला ‘तू घे’ असं म्हटलेलं नाही. बाबांनी फक्त दिवाळीत जेवण झाल्यावर विचारलं की मार्चमध्ये तुमच्याकडे कामाचं कसं असतं. मार्चमध्ये आमच्याकडे वर्षातली सगळ्यात मोठी रिलीज असते. मी म्हटलं, बघतो.

चुलतबहीण म्हणाली, मी घेते. ती कॉलेजला आहे, आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त ॲनिमे तीच बघते आणि नेझुकोचं पोस्टर तिच्याच खोलीत आहे. बाईच्या सोंगाला बाई का नको, हा तिचा मुद्दा बिनतोड आहे. काकांनी ‘आजवर कोणी घेतलं नाही’ एवढंच उत्तर दिलं. आजी मात्र म्हणाली की आधी पावलं तर शिकू दे तिला. त्यामुळे आता आम्ही दोघं शिकतो. ती माझ्यापेक्षा गिरकी चांगली घेते. पुढचं काय होईल ते पंचांपर्यंत जाईल तेव्हा जाईल.

पुण्यात सरावासाठी तिने मला गेल्या वर्षीच्या बोहाड्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. कोणा पाहुण्याने उभ्या मोबाइलवर काढलेला. सात मिनिटं नुसता मुखवटा दिसतो. पाय एकदाही फ्रेममध्ये नाहीत. हल्ली बोहाड्याला बाहेरची माणसं खूप येतात, आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या रील्स करायला तर रांगाच लागतात. ‘मिनी महाबळेश्वर’ असं जव्हारला म्हणतात, त्याचं आम्हाला आधी कौतुक होतं, आता कंटाळा आहे. मला इथे ताकाहाताच्या ‘ओन्ली यस्टर्डे’मधली टाएको आठवते. टोकियोत नोकरी करणारी, सत्तावीस वर्षांची, सुट्टी काढून यामागाताला करडईच्या जातीची फुलं तोडायला जाते. आहाहा काय निसर्ग म्हणते. तिथला तोशिओ तिला शांतपणे सांगतो की हे दिसतंय ते रान, ते ओढे, सगळं शेतकऱ्यांनी राबून राबून असं झालंय. तो प्रसंग बघताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या उतारावरची नागलीची खाचरं कोणी रीलमध्ये हिरवं बॅकग्राउंड म्हणून घेतली की मी तो तोशिओ होतो. आणि एप्रिलमध्ये त्याच गावांत टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असतात, तेव्हा कॅमेरे नसतात. मोखाड्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर २०१४मध्ये मध्य वैतरणा धरण झालं, त्याचं पाणी मुंबईला जातं. पण तो विषय एका परिच्छेदात मावणारा नाही.

तर सराव. फ्लॅटवर मी बेड भिंतीला लावून पावलं मोजत होतो तेव्हा खालच्या काकूंनी दोनदा बेल वाजवली. डाव्या पायाचा आवाज. आता मी सोसायटीच्या गच्चीवर जातो. गंमत अशी की शंभर वेळा केल्यावर तीन पावलं मागे का, याचा एक अंदाज मला आलाय. गिरकीनंतर तोल जातो, मुखवटा वजनाने पुढे ओढतो, आणि मागे गेलं नाही तर समोरच्या टेंभ्यावर जाऊन पडू. पण मग जमिनीला हात कशाला? ते या हिशेबात बसत नाही. बहिणीचं म्हणणं, ती जंगलाची मालकीण आहे, जमिनीला विचारून पुढे येते. आजी म्हणाली, असेल. मला ‘असेल’ पुरलं. त्या वेळी मी बहिणीला सुकेतूची, सुंदाची, शापाची अख्खी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, म्हणजे ही विधवा आहे आणि तिच्या रानात येऊन हिलाच मारतात. मग नाचताना तिने जीभ काढून गरजायचं असतं तिथे गरजली, ते ऐकून शेजारचं कुत्रं पळालं.

मुखवटा मात्र मी पहिल्यांदा जानेवारीत घातला. माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला असतो. बाबांनी उतरवला, नारळ फोडला, माझ्या डोक्याला पंचा गुंडाळला आणि वर तो बसवला. बाहेरून डोळे बशीएवढे, पण ते रंगवलेले, बघायची भोकं नाकपुड्यांत. आत ऑइलपेंटचा, धुपाचा आणि घामाचा वास. तो घाम बाबांचा असेल, आजोबांचाही असेल. स्वतःचा श्वास स्वतःच्याच तोंडावर गरम येतो आणि तीन मिनिटांत छाती भरून येते. तांजिरोचा बाप श्वासाबद्दल बोलत होता ते काही तत्त्वज्ञान नव्हतं, हे कळायला एवढं पुरे आहे. “नाकाने घे, तोंडाने सोड, घाई करू नको,” बाबा बाहेरून म्हणाले.

मग विचारलं, “दिसतंय का?”

मी खाली बघितलं. नाकपुडीतून खळ्यातली सारवलेली जमीन दिसत होती, आणि तिच्यावर बाबांचे दोन पाय, एका गुडघ्याला पट्टा.

“तुमचे पाय दिसतायत फक्त.”

“पुरे झालं,” ते म्हणाले. “चल, पहिल्यापासून.”